युरियातला कार्बन म्हणजे नुसतं पोतं

दर वर्षा-दोन वर्षांनी एक बातमी नवे कपडे घालून येते. कुठल्याशा कारखान्याच्या चिमणीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड पकडला आणि त्याचं खत केलं. गाव बदलतं, कंपनी बदलते, फोटोतला हेल्मेटवाला माणूस बदलतो. गोष्ट मात्र तीच राहते: विषाचं अमृत झालं, पिकं डोलली, वर कंपनीला फायदाही झाला. आपल्याला ही गोष्ट आवडते यात नवल नाही. समुद्रमंथनापासून आपण ती ऐकत आलोय. फक्त त्या गोष्टीतला एक तपशील आपण विसरतो. शंकरानं हलाहल कंठात धरून ठेवलं. त्याचं दुसरं काहीतरी करून ते घरोघरी वाटलं नाही.

मला या बातम्यांकडे आज मजकूर म्हणून बघायचंय. त्यांतली क्रियापदं काय करतात, कर्ता कोण असतो, आणि वाक्य कुठे थांबतं. माझी डिग्री केमिकल इंजिनिअरिंगची आणि पोट आयटीवर, अशी पुण्यात हजारो माणसं आहेत, त्यांतलाच मी. त्यामुळे रसायनाचं समीकरण दिसलं की ते दोन्ही बाजूंनी जुळतंय का हे बघायची खोड अजून गेलेली नाही.

सुरुवात तुतिकोरिनपासून करू. २०१७ च्या जानेवारीत बीबीसी आणि गार्डियननं तमिळनाडूतल्या तुतिकोरिनच्या एका कारखान्याची बातमी जगभर नेली. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि आमच्या वर्गाच्या ग्रुपवर ती दिवसभर फिरत होती. कोळशावर चालणाऱ्या बॉयलरच्या धुरातून वर्षाला ६०,००० टन कार्बन डायऑक्साइड पकडायचा आणि त्याचा सोडा ॲश करायचा, तेही सरकारी अनुदानाशिवाय. धूर पकडणारं द्रावण ‘कार्बन क्लीन’ या लंडनच्या कंपनीचं. ती काढणारे दोघं आयआयटी खरगपूरचे. आम्हा केमिकलवाल्यांना छाती फुगवायला एवढं पुरेसं होतं.

बातमीत कारखान्याच्या व्यवस्थापकीय संचालकांचं म्हणणंही होतं, आणि सगळ्या मजकुरात मला तेच सर्वांत प्रामाणिक वाटतं. त्यांचा आशय असा: मी धंदेवाला माणूस आहे, पृथ्वी वाचवायचा विचार मी कधी केला नव्हता. मला कार्बन डायऑक्साइडचा खात्रीचा पुरवठा हवा होता आणि तो मिळवायचा हा सर्वांत चांगला मार्ग होता. हे नीट वाचा. ‘कार्बन डायऑक्साइड नको होता’ असं ते म्हणत नाहीत. ‘हवा होता’ म्हणतात. जो वायू जगाला जास्त झालाय तो या कारखान्याला कमी पडत होता. बातमीनं हे वाक्य छापलं आणि मथळा मात्र उलट्या अर्थाचा रचला.

या कारखान्याच्या कंपनीचं पूर्ण नाव तुतिकोरिन अल्कली केमिकल्स अँड फर्टिलायझर्स. नावात खत आहे, कारण इथल्या पद्धतीत एकाच वेळी दोन माल निघतात. मीठ, अमोनिया, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र आणले की एका बाजूला सोडियम बायकार्बोनेट बसतं, ते तापवून सोडा ॲश होते. दुसऱ्या बाजूला अमोनियम क्लोराइड उरतं, ते खत. चीनचे रसायनतज्ज्ञ हौ देबांग यांनी १९४० च्या दशकात ही पद्धत बसवली. जुन्या सॉल्वे पद्धतीत चुनखडी भाजून वायू मिळवायचे आणि शेवटी कॅल्शियम क्लोराइडचा निरुपयोगी गाळ हाती यायचा. हौ यांनी त्या गाळाच्या जागी विकता येणारं खत आणलं. रसायनशास्त्रातली ही खरी देखणी कामगिरी आहे, आणि ती हवामानबदल हा शब्द कुणाच्या तोंडी नसतानाची आहे.

आता त्या खताचं सूत्र बघा: एक नायट्रोजन, चार हायड्रोजन, एक क्लोरीन. कार्बन? नाही. एकही अणू नाही. पकडलेला सगळा कार्बन सोड्यात गेला. म्हणजे ‘धुरातून खत’ हे वाक्य इथे रसायनाच्या दृष्टीनंच चूक आहे. धूर नसता तर खतही झालं नसतं, एवढं मात्र खरं. (या खतातलं क्लोराइड सगळ्या पिकांना मानवतही नाही. भाताला चालतं, तंबाखूला आणि द्राक्षाला नको असतं. नाशिककडे कुणी ‘कार्बन पकडून केलेलं खत’ म्हणून विकायला आलं तर आधी हे विचारा.)

बरं, सोड्यातल्या कार्बनचं पुढे काय? सोड्याचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे काच. वाळूबरोबर सोडा वितळवला की कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांतून बाहेर पडतो, सोडियम काचेत राहतो. जागतिक हवामान समिती आयपीसीसीच्या हिशेबाच्या पद्धतीत एक टन सोडा ॲश वापरली की ०.४१५ टन कार्बन डायऑक्साइड सुटला असं धरतात. म्हणजे पोत्यात होता तेवढा सगळा. कारखान्याचं उत्सर्जन जवळपास शून्यावर आलं असं बातमीत होतं, ते कारखान्याच्या कुंपणापुरतं खरं असेलही. वायू कुंपण ओलांडून ट्रकमधून गेला आणि काचेच्या भट्टीतून बाहेर पडला. आमच्या क्षेत्रात याला कॅशे म्हणतात: थोडा वेळ ठेवलेली गोष्ट. तिला कुणी साठवण म्हणत नाही, आणि जो म्हणतो त्याचा डेटा जातो.

मग तुतिकोरिनमध्ये काहीच वाचलं नाही का? असंही नाही. तो कारखाना नाहीतर चुनखडी भाजून नवा वायू तयार करणार असेल, किंवा दुसरीकडून तयार करवून आणणार असेल, तर तेवढा नवा वायू टळला. हा फायदा खरा आहे. पण तो ‘पकडला’ म्हणून नाही, ‘दुसरा केला नाही’ म्हणून आहे. दोन्हींत फरक काय, असं वाटेल. फरक हा, की पहिल्या वाक्यात पकडू तितकं पुण्य वाढतं. दुसऱ्या वाक्यात गिऱ्हाइकाच्या गरजेपाशी ते थांबतं. त्याच बातमीत कंपनीचा अंदाज होता की पकडून वापरायच्या या वाटेनं जगातल्या कोळशाच्या उत्सर्जनापैकी ५ ते १० टक्क्यांची सोय लावता येईल. जगात वर्षाला साधारण सहा कोटी टन सोडा ॲश लागते. ती सगळीच्या सगळी धुरातून केली तरी अडीच कोटी टन कार्बन डायऑक्साइड खपेल. कोळशातून निघतो चौदाशे-पंधराशे कोटी टन. त्याचे पाच टक्के म्हणजे सत्तर कोटी. सोड्याशिवाय इतर माल धरा, तरी आकड्यांची ही दरी भरत नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे सगळ्या उद्योगांत मिळून वर्षाला २३ कोटी टन कार्बन डायऑक्साइड वापरला जातो, आणि त्यातला १३ कोटी टन एकट्या युरियात जातो.

म्हणजे खरा विषय युरियाच.

युरियाचा रेणू म्हणजे दोन अमोनिया आणि एक कार्बन डायऑक्साइड, मधून एक पाणी काढून घेतलेलं. एक टन युरियाला ७३३ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. आपल्याकडच्या ४५ किलोच्या गोणीत ३३ किलो. गोणी उचलताना तुम्ही बहुतांशी हाच वायू उचलत असता, घन रूपात. बातमीदाराला हा आकडा मोह पाडणारच.

पण शेतकरी गोणी घेतो ती आतल्या २०.७ किलो नायट्रोजनसाठी. कार्बनचं त्याला काही काम नसतं. अमोनिया हा तिखट, विषारी वायू. तो पोत्यात भरून एसटीच्या टपावरून नेता येत नाही. त्याला घन, पांढरा, निरुपद्रवी करायला कार्बन लागतो. युरियातला कार्बन म्हणजे नायट्रोजन बांधून आणलेलं पोतं. शेतात पडल्यावर मातीतलं युरिएज नावाचं विकर हे पोतं फाडतं, काही दिवसांत. अमोनिया मातीत, कार्बन डायऑक्साइड परत हवेत. आयपीसीसीच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांत यावर एक रूक्ष आकडा आहे: युरियाच्या वजनाच्या ०.२० पट कार्बन सुटतो असं धरा. युरियात कार्बन मुळात असतोच २० टक्के. म्हणजे मूळ गृहीतक असं, की काहीच शिल्लक राहत नाही.

त्याच सूचनांत आणखी एक गोष्ट आहे आणि मला ती जास्त टोचते. अमोनियाच्या कारखान्यातून निघालेला जो कार्बन डायऑक्साइड युरियात जातो, तो कारखान्याच्या खात्यातून वजा करायचा आणि युरिया जिथे टाकला जातो तिथे शेतीच्या खात्यात मांडायचा. तर्क बरोबर आहे, वायू तिथेच सुटतो. पण मग ‘आमचं उत्सर्जन इतकं घटलं’ असं कारखान्याच्या वार्षिक अहवालात आणि ‘शेतीचं उत्सर्जन इतकं आहे’ असं दुसऱ्या अहवालात येतं, आणि पहिल्या वाक्याला टाळ्या तर दुसऱ्याला चिंतेचा सूर. नायट्रोजनबरोबर पोतंही शेतकऱ्याच्या नावावर चढतं.

गोणीचा हिशेब एवढ्यावर थांबत नाही. टाकलेल्या नायट्रोजनपैकी थोडा भाग मातीतले जिवाणू नायट्रस ऑक्साइडमध्ये बदलतात. आयपीसीसीचा ढोबळ आकडा एक टक्का. हा वायू शंभर वर्षांच्या मापानं कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. एका गोणीमागे हे सुमारे ८९ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं भरतं. कोरड्या हवामानात अर्धा टक्का धरावा असं २०१९ ची सुधारणा सांगते. तसं धरलं तरी ४४ किलो. पकडलेला ३३ किलो कायमचा गाडला गेला असं क्षणभर मानलं, तरी गोणी तोट्यातच आहे. बातम्यांमध्ये नायट्रस ऑक्साइडचं नाव मला क्वचितच दिसतं.

आता पैशाचं. चिमणीतून वायू पकडून युरिया करणं परवडतं का? परवडतं, आणि आपल्याकडे बरीच वर्षं चाललंय. २००६ मध्ये इफ्कोनं उत्तर प्रदेशात आँवला आणि फूलपूर इथे रोज ४५० टन कार्बन डायऑक्साइड पकडणारे संच बसवले, तंत्र जपानच्या मित्सुबिशीचं. मग २००९ मध्ये काकीनाड्याला नागार्जुननं तसाच बसवला. यामागचं कारण मला फार आवडतं, कारण ते शुद्ध समीकरणाचं आहे. नाफ्थ्यापासून अमोनिया केला की युरियाला पुरून उरेल इतका कार्बन डायऑक्साइड आपोआप निघतो. नैसर्गिक वायूत कार्बन कमी, हायड्रोजन जास्त. त्यापासून केलं की गरजेपेक्षा साधारण दहा-बारा टक्के कार्बन डायऑक्साइड कमी पडतो आणि तेवढा अमोनिया बिनजोडीचा राहतो. इंधन स्वच्छ झालं आणि कारखान्याला प्रदूषणाची टंचाई भासू लागली! मग भट्टीच्या धुरातून तो काढायचा. रोजचे ४५० टन मिळाले की सहाशे टनांवर युरिया होतो. धुरातून वायू सोडवायला वाफ लागते, द्रावण लागतं, खर्च लागतो, पण समोर अमोनिया तयार पडलेला असेल तर तो निघतो.

म्हणजे ‘परवडतं का’ या प्रश्नाला ‘कुणाला’ हा शब्द जोडल्याशिवाय उत्तर नाही. कारखान्याला परवडतं. वातावरणाच्या खात्यावर, टळलेला नवा वायू सोडला, तर काही जमा होत नाही.

या सगळ्याला आपल्याकडे आणखी जुना दाखला आहे. १९५१ मध्ये सिंद्रीचा खतकारखाना सुरू झाला, आज ते झारखंडात आहे. तिथे युरिया नव्हे, अमोनियम सल्फेट व्हायचं. अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडचं अमोनियम कार्बोनेट करायचं, त्यात राजस्थानातून आणलेलं जिप्सम घालायचं. खत एकीकडे, आणि कार्बन डायऑक्साइड दुसरीकडे खडूच्या गाळात, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटमध्ये, पक्का बसलेला. खताच्या वाटांमध्ये कार्बन दगड होऊन बसतो अशी ही एक वाट. तो गाळ वाया जाऊ नये म्हणून शेजारीच एसीसीचा सिमेंट कारखाना उभा राहिला. सिमेंटच्या भट्टीत कॅल्शियम कार्बोनेटचं काय होतं ते तुम्ही नववीत शिकलाय. काटकसर म्हणून ते उत्तमच होतं, चुनखडी खणायची वाचली. पण कार्बन मुक्काम करून पुढच्या गाडीनं निघून गेला.

मग मला निती आयोगाचा मजकूर वाचायचाय. २०२२ च्या नोव्हेंबरात आयोगानं कार्बन पकडणं, वापरणं आणि साठवणं या तिन्हींचा धोरण-आराखडा प्रसिद्ध केला. नावातच घोटाळा आहे. पकडणं ही एक क्रिया, आणि त्यानंतर ‘वापर’ आणि ‘साठवण’ असे दोन फाटे, पण संक्षेपात ती तिन्ही अक्षरं एका दमात येतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, दोन्हींचं फळ एकच. बेसाल्टमध्ये खोल पुरलेला वायू आणि गोणीतून आठवड्याभरात सुटणारा वायू एकाच शब्दात मावतात. मराठीत आपण ‘वापरलं’ म्हणतो तेव्हा ती गोष्ट संपली असं अभिप्रेत असतं: साबण वापरला, तेल वापरलं. इथे वापरलेली वस्तू संपत नाही. त्यामुळे हा शब्द मराठीत इंग्रजीपेक्षाही जास्त फसवा ठरतो.

वापराच्या यादीत तिथे ‘हरित युरिया’ आहे: पकडलेला कार्बन डायऑक्साइड आणि सौर-पवन विजेवर केलेला हायड्रोजन. यातला दुसरा अर्धा भाग मला मनापासून पटतो. अमोनियाचा हायड्रोजन आज नैसर्गिक वायूतून येतो आणि उत्सर्जनाचं मूळ तिथे आहे. पाणी फोडून हायड्रोजन घेतला तर ते मूळ तुटतं. पण मग अमोनियासोबत फुकट मिळणारा कार्बन डायऑक्साइडही बंद होतो, आणि युरिया करायचाच असेल तर तो बाहेरून आणावा लागतो. म्हणजे हरित युरियात पकडलेला कार्बन ही कामगिरी नसून अडचण आहे. पोतं आधी आतल्या मालाबरोबर यायचं, आता वेगळं विकत घ्यायचं. आणि ते कोळशाच्या चिमणीतून घेतलं, तर शेतात सुटणारा कार्बन खाणीतलाच. वीजकंपनी म्हणणार आम्ही पकडला, खतकंपनी म्हणणार आम्ही वापरला, श्रेय दोघांचं. सुटला एकदाच, पण मोजणार कोण?

दिवाळीत हे सगळं मामांना सांगत होतो. मामा उसाला युरिया टाकतात, आणि त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, “अरे, ते हिरवं का काय, ते किती रुपयाला बसणार?”

मोबाइलवर हिशेब केला. २०२५ मध्ये केंद्राच्या सौर ऊर्जा महामंडळानं हरित अमोनियाचे लिलाव केले, त्यातल्या पहिल्यात दर निघाला किलोला ५५ रुपये ७५ पैसे. एका गोणीला साडेपंचवीस किलो अमोनिया लागतो. झाले १,४२० रुपये. पकडलेल्या कार्बनचे, वाफेचे, कारखान्याचे, वाहतुकीचे अजून धरलेलेच नाहीत. मामा दुकानात देतात २६६ रुपये ५० पैसे.

“मग उरलेलं सरकार भरणार,” मामा म्हणाले. “आत्ताही तेच भरतंय की.”

तेही खरंच आहे. २०२२-२३ साली गॅस महागला तेव्हा खतांवरचं अनुदान अडीच लाख कोटींच्या घरात गेलं. गोणीवरच्या किमतीवरून युरियाचा खर्च कळतच नाही, आणि म्हणून कुठलीही नवी पद्धत ‘परवडते’ असं दाखवणं सोपं असतं. तोटा अनुदानात विरघळतो. पण मला त्या लिलावाच्या दराकडे निराशेनं बघवत नाही. आयात अमोनियापेक्षा तो महाग आहे, पण काही वर्षांपूर्वीच्या अंदाजांइतका दूरचा राहिलेला नाही. हायड्रोजनची बाजू खरोखर हलतेय.

तो लिलाव कुणासाठी होता हेही बघण्यासारखं आहे. पहिला करार पारादीप फॉस्फेट्ससाठी झाला. ते डीएपी आणि मिश्रखतं करतात. त्यात अमोनिया फॉस्फोरिक ॲसिडशी बांधला जातो आणि कार्बन डायऑक्साइड लागतच नाही. स्वस्त व्हायला लागलेला हरित अमोनिया आधी तिथे चाललाय जिथे पोत्याची गरज नाही. आयोगाच्या यादीत मात्र नाव युरियाचं आहे, आणि पुढच्या बातमीतही बहुधा त्याचंच असेल.